दोन कुलपांचा अभ्यासक्रम

शैक्षणिक विभागाचं पत्र टेबलावर ठेवून कडूबा तिथेच उभा राहिला. पत्र ठेवायचं आणि निघून जायचं, ही विद्यापीठातल्या शिपायाची रीत. पण कडूबाने हे पत्र जिना चढता चढताच वाचलं होतं.

"वाचा सर," तो म्हणाला. "पन बसून वाचा."

डॉ. बद्रीनाथ वाघचौरे बसलेलेच होते. त्यांनी चष्मा लावला. ‘मोडी लिपी व जुने दस्तऐवज अभ्यास केंद्र’ चालवत असलेल्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला येत्या शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत किमान दहा प्रवेश न झाल्यास अभ्यासक्रम बंद करण्यात येईल आणि केंद्राची खोली नव्या ‘उद्योजकता व नवकल्पना कक्षा’ला देण्यात येईल, असं पत्रात होतं. खाली कुलसचिवांची सही होती, आणि ती मात्र मोडीपेक्षाही वाचायला अवघड होती.

"आत्ता किती हायेत?" कडूबाने विचारलं.

"एक."

"म्हंजे मीच."

"तूच."

कडूबा हा केंद्राचा शिपाई आणि केंद्राचा कायमचा विद्यार्थी. गेली तीन वर्षं तो प्रवेश घ्यायचा, परीक्षेला बसायचा आणि कोरा पेपर देऊन निष्ठेने नापास व्हायचा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या यादीत निदान एक नाव तरी पक्कं. बाकीचे इतिहास विभागातून यायचे. पीएच.डी. करणाऱ्यांना मोडीची सक्ती होती, म्हणून नाइलाजाने का होईना, पोरं यायची. यंदा ती सक्ती उठली आणि पोरंही उठली.

बद्रीनाथ सर अकरा वर्षं तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढा वेळ तुम्ही प्राध्यापक, घंटा झाली की कुणीच नाही. अभ्यासक्रम बंद म्हणजे तास बंद, तास बंद म्हणजे सर बंद. त्यांचा मेहुणा चितेगावच्या एका कारखान्यात होता आणि गेटवर येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायची जागा त्याने त्यांच्यासाठी केव्हाची धरून ठेवली होती. बायको दर दिवाळीला त्या जागेची आठवण करून द्यायची. सरांना ट्रकांबद्दल राग नव्हता, पण त्यांचा जीव मोडीत होता. तीनशे वर्षांपूर्वी कुणी तरी घाईघाईत, हात न उचलता लिहिलेली ओळ आपल्याला वाचता येते, या गोष्टीचा त्यांना अजूनही रोज सकाळी नव्याने आनंद व्हायचा.

"सर," कडूबा म्हणाला, "प्रमानपत्र कुनाला पायजे? लोकायच्या घरी पेट्या हायेत. पेट्यांत कागद हायेत. कागदात काय हाय ते कुनाच्या बापाला ठावं नाय. तुमी फकस्त म्हना, कागद वाचून देऊ. मंग बघा कशी रांग लागती."

सरांना ते पटलं. मंगळवारी पत्रकं छापली. ‘जुने मोडी कागद मोफत वाचून मिळतील’ ही ओळ मोठ्या टायपात आणि ‘अभ्यासक्रमास प्रवेश सुरू’ ही ओळ खाली बारीक टायपात. कडूबाने ती गंगापूरच्या एसटीत लावली, जीपवाल्यांना दिली, शेंद्र्याच्या चहाच्या टपऱ्यांवर चिकटवली. शेंद्र्याकडे कारखाने आल्यापासून तिकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे जुन्या कागदांविषयी लोकांच्या मनात एकदम फार प्रेम दाटून आलं होतं.

गुरुवारी सकाळी सर आले तर जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्याच्या पेट्या, तेलाचे डबे, फडक्यात बांधलेली गाठोडी, एकाने तर देव्हाराच उचलून आणला होता. कारण त्याचा कागद देवामागे होता आणि देव हलवल्याशिवाय तो निघत नव्हता.

पहिला नंबर फकिरा नावाच्या म्हाताऱ्याचा. त्याच्या घराण्यात एका कागदाची तीन पिढ्या हळदकुंकू वाहून पूजा होत होती. निजामाने दिलेली सनद आहे, असा सगळ्यांचा पक्का समज होता. सरांनी कागद उलगडला, हळद फुंकून काढली आणि वाचला.

"बाबा, हे बैलाचं पोट फुगल्यावर द्यायचं औषध आहे. ओवा, सुंठ आणि हिंग."

म्हातारा कागदाची जपून घडी घालू लागला. मग कागद कपाळाला लावून म्हणाला, "तरीच! आमच्यात आजवर येक बी बैल फुगला नाय."

संध्याकाळपर्यंत सरांनी त्रेचाळीस कागद वाचले. प्रवेश झाले शून्य. प्रत्येकाला आपला कागद वाचून हवा होता. वाचायला शिकायचं कुणालाच नव्हतं. त्यातही तो आपल्याला हवा तसा वाचून हवा होता. "जरा नीट बघा ना सर, खालच्या अंगाला आमचं नाव आसंल," असं म्हणत एक जण दीड तास बसला.

शुक्रवारी सकाळी पेटी आली.

ती आणायला दोन जीप लागल्या. एका जीपमध्ये पेटी, काकासाहेब आणि त्यांचे तिघं, दुसरीत पेटीविना नानासाहेब आणि त्यांचे तिघं. दोघं सख्खे चुलतभाऊ, शेंद्र्याजवळच्या एकाच गावचे. दोघांच्या शेतांच्या मधे पाच एकरांची एक पट्टी होती आणि ती कुणाची यावर तीस वर्षं वाद चालू होता. कागद पेटीत होता, पण पेटीला कुलपं दोन होती. एकाची चावी काकासाहेबांच्या करगोट्याला, दुसऱ्याची नानासाहेबांच्या. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नसे. आणि काकासाहेबांनी वाचणारा शोधला की नानासाहेब चावी काढत नसत, नानासाहेबांनी शोधला की काकासाहेब. असा तो कागद तीस वर्षं कुणी वाचलाच नव्हता. तोवर मधल्या पट्टीत दोघांपैकी कुणी नांगर घालत नव्हतं. गावची मेंढरं तेवढी तिथे चरत होती.

विद्यापीठ मात्र दोघांपैकी कुणीच शोधलेलं नव्हतं. पत्रक जीपवाल्याने दोघांनाही दिलं होतं, म्हणून दोघंही तयार झाले.

सगळं सुरळीत झालं असतं. पण नानासाहेब जिना आधी चढले, आणि दारात उभा असलेला कडूबा हात जोडून म्हणाला, "राम राम, मामा!"

आता कडूबाचं आजोळ त्याच गावचं. आईच्या गावातला पुरुष दिसला की मामा म्हणायचं, एवढं साधं वळण त्याला होतं. मागून येणाऱ्या काकासाहेबांनाही तो तेच म्हणणार होता. पण काकासाहेब तीन पायऱ्या मागे होते, आणि त्यांनी ते ऐकलं.

पेटी उघडली. सरांनी कागद हातात घेतला, वरच्या तीन ओळी वाचल्या. "‘मौजे मजकूरचे उभय घरांनी राजीखुशीने...’"

"थांबा," काकासाहेब म्हणाले. "ह्यो शिपाई तुमचा कोन?"

"कडूबा. केंद्राचा शिपाई."

"आन् नान्याचा कोन? भाचा! म्या माझ्या कानानं आयकलं. म्हंजे ठरवूनच आनलं मला हितं."

"आरं, आख्ख्या गावाला मामा म्हनतो तो!" नानासाहेब ओरडले.

"मंग मला काहून नाय म्हनला?"

"म्हननारच हुतो, मामा!" कडूबा कळवळून म्हणाला.

"आता म्हनून काय उपेग!"

कागद पेटीत गेला, दोन्ही कुलपं लागली, आणि भांडण व्हरांड्यात गेलं. समोरच्या सभागृहात ‘शांतता आणि सहजीवन’ या विषयावर चर्चासत्र चालू होतं. तिथले पाहुणे आवाज कशाचा म्हणून बाहेर आले. काकासाहेबांच्या बाजूने चार माणसं, नानासाहेबांच्या बाजूने चार, मधे कडूबा, आणि सगळ्यांच्या मधे पेटी. पाहुण्यांपैकी एकाने मध्यस्थीचा प्रयत्न केला. त्याचा चष्मा फुटला.

अर्ध्या तासात कुलसचिवांनी सरांना बोलावलं.

"वाघचौरे, हे विद्यापीठ आहे की तहसील कचेरी?"

"साहेब, प्रवेशासाठी थोडा प्रचार..."

"प्रवेश किती झाले?"

"एक."

"आणि चष्मे किती फुटले? एक. आजपासून बाहेरच्या कुणाचाही कागद त्या खोलीत वाचायचा नाही. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांशिवाय तिथे कुणी दिसलं, तर मी खोलीला आत्ताच कुलूप लावतो. शनिवारची वाटही बघत नाही."

सर खाली मान घालून परत आले. चितेगावच्या गेटवर ट्रक रांगेने उभे असलेले त्यांना स्पष्ट दिसत होते. व्हरांड्यात दोन्ही बाजू दोन बाकांवर बसून होत्या आणि मधे पेटी होती. सरांनी साहेबांचा हुकूम सांगितला.

काकासाहेबांनी थोडा विचार केला. "म्हंजे नाव घातलं तर आत बसता येतं?"

"हो. पण मग वाचून मिळणार नाही. शिकावं लागेल."

"तेच पायजे," काकासाहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचायचं म्हनल्यावर दगा आलाच. म्या सोता शिकतो. लिहा नाव."

"हा शिकनार तर म्या काय माशा मारू?" नानासाहेब उठले. "माझं बी लिहा. नायतर हा उद्या काय बी वाचंल आन् म्हनंल, असंच लिव्हलंय."

"माझ्याकडून तिघं आनखी," काकासाहेब म्हणाले. "साक्षीला."

"माझ्याकडून बी तिघं."

सरांनी बोटांवर मोजलं. चार आणि चार आठ, आणि कडूबा नऊ. नऊ! अकरा वर्षांत एका दिवसात आठ प्रवेश कधी झाले नव्हते. पण नऊ म्हणजे दहा नव्हेत. त्यांनी मोठ्या आशेने विचारलं, "आणखी एखादं कुणी?"

"माझ्याकडून येक आला तर त्याच्याकडून बी येनार," काकासाहेब म्हणाले. "मंग आकरा हुतील."

"होऊ द्या की!"

"आन् मंग शिपायाला धरून त्याच्याकडं सहा, माझ्याकडं पाच? आत्ता बी तो येक जास्तच हाय त्याचा. म्या चालवून घेतोय."

शनिवारी दिवसभर सर दाराकडे बघत बसले. चार वाजले, साडेचार वाजले. नवकल्पना कक्षाचा एक माणूस टेप घेऊन आला आणि खोलीचं माप घेऊन गेला. पाचला दहा मिनिटं कमी असताना दारात एक बाई उभी राहिली. साठीची, उंच, अंगावर घोंगडी, पायात जाड वहाणा.

"हितं शिकायला वय लागतं का?" तिने विचारलं.

"नाही, मराठी लिहितावाचता आलं म्हणजे झालं."

"चवथी झालीय मी. कस्तुराबाई नाव लिहा. मेंढरं हायेत आमची, ह्याच काकासायबांच्या गावची मी." मग तिने पेटीबद्दल विचारलं. "ती पेटी हितंच उघडनार ना?"

"परीक्षेच्या दिवशी. प्रत्येकाने घरचा एक कागद आणून तो आजच्या अक्षरात उतरवायचा असतो. त्यांचा तोच आहे."

"बरं झालं," कस्तुराबाई म्हणाली आणि अर्जावर सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. सरांनी धावत जाऊन दहा अर्ज शैक्षणिक विभागात दिले, तेव्हा घड्याळात पाचला एक मिनिट कमी होतं.

अभ्यासक्रम सुरू झाला. सरांनी आजवर शिकवलं होतं ते जांभया देणाऱ्या पोरांना. असा वर्ग त्यांनी पाहिलाच नव्हता. कुणी गैरहजर नाही, कुणाचा डोळा फळ्यावरून हलत नाही. डावीकडे काकासाहेबांचे चौघं, उजवीकडे नानासाहेबांचे चौघं, कडूबा दारात आणि कस्तुराबाई मागच्या बाकावर. तिसऱ्याच दिवशी काकासाहेबांनी तक्रार केली की सर नानासाहेबांच्या बाजूला हातभर जास्त उभे राहतात. कडूबाने खडूने फरशीवर बरोबर मध्यावर एक गोल काढून दिला. सर सहा महिने त्या गोलात उभे राहून शिकवत होते.

मोडीत आधी डोक्यावरची रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. हे सांगितल्यावर काकासाहेब खूश झाले. "म्हंजे आधी बांध, मंग पेरनी. जमतंय." पण बांध म्हटल्यावर नानासाहेबांनी वर बघितलं आणि तो तास तिथेच संपला.

गृहपाठ दोघांचा एकाच वेळी, दोन्ही वह्या शेजारी ठेवून तपासावा लागे. काकासाहेब पाणी प्यायला उठले की नानासाहेबांचा एक माणूस त्यांच्या मागे जाई. पेटी वर्गातच कोपऱ्यात असे आणि तिच्यावर पाळीपाळीने एकेक जण बसून शिके. या सगळ्यात दोघांचंही अक्षर असं सुरेख होत गेलं की सरांना भरून यायचं. कडूबाची पंचाईत वेगळीच होती. ऐकून ऐकून त्यालाही मोडी यायला लागली होती आणि परीक्षेत पेपर कोरा कसा ठेवायचा, या विचाराने त्याला घोर लागला होता.

चौथ्या महिन्यात संकट आलं. गावातल्या जुन्या जाणत्यांनी दोघा भावांना समोरासमोर बसवून तडजोडीची बोलणी सुरू केली. अडीच एकर याला, अडीच एकर त्याला. सलग दोन दिवस दोन्ही बाजूचे बाक रिकामे. वर्गात उरले कडूबा, कस्तुराबाई आणि पेटी.

"मिटतंय वाटतं," कडूबा म्हणाला.

बद्रीनाथ सर मुळात मवाळ माणूस. रस्त्यावर दोन कुत्री भांडली तरी ते मधे पडत. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं, "देवा, एवढं दोन महिने मिटू देऊ नकोस!" आणि मग आपणच काय बोललो या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कडूबा त्याच संध्याकाळी जीपने आजोळी गेला. चहाच्या टपरीवर काकासाहेबांच्या शेजारी बसून त्याने एवढंच म्हटलं, "मामा, नानामामाला जोडाक्षरं यायला लागलीत म्हनं. घरीच करतेत." मग देवळाच्या पारावर जाऊन नानासाहेबांना म्हणाला, "मामा, काकामामा निजामाच्या फसली सनाचे आकडे पाठ करायलेत." दुसऱ्या दिवशी दहाच्या आत दोन्ही जीप विद्यापीठात हजर होत्या.

परीक्षेच्या दिवशी दोन चाव्या निघाल्या, पेटी उघडली आणि कागद दोघांच्या मधे टेबलावर पसरला. दोघांपुढे एकेक उत्तरपत्रिका. तीन तासांत कागद जसाच्या तसा उतरवायचा, खाली अर्थ लिहायचा आणि सही करायची. कस्तुराबाईने लोकरीच्या बाजाराची एक जुनी पावती आणली होती. ती तिने अर्ध्या तासात उतरवली आणि मग हात बांधून दोघा भावांच्या पाठीकडे बघत बसली.

पहिला तास पेनं सरसर चालली. मग नवव्या ओळीला दोन्ही पेनं एकदम थांबली. सरांनी वर पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते.

सरांनी जवळ जाऊन कागद वाचला. फसली सन १३१०, म्हणजे इसवी सन १९००च्या सुमाराचं, मोठ्या दुष्काळाचं साल. ‘सोनाजी वलद त्रिंबक मेंढके याणे आपली मेंढरे उभय घरांचे रानात तीन साल खतास बसवून रान जिते ठेविले. मोबदला काही घेतला नाही. सबब मधली पट्टी त्यास लेकरांचे लेकरी दिल्ही असे. उभय घरांपैकी कोणी हरकत करू नये. करील तो आपले वडिलांस खोटे पाडील.’

नानासाहेबांनी पेन खाली ठेवला. काकासाहेबांनीही ठेवला. पाच मिनिटं तशीच गेली. मग काकासाहेबांनी तिरक्या नजरेने शेजारी बघितलं. नानासाहेबांची उत्तरपत्रिका आपल्यापेक्षा अर्धी ओळ पुढे होती. त्यांनी हळूच पेन उचलला आणि अर्धी ओळ भरून काढली. ते नानासाहेबांनी पाहिलं. पुढच्या तासाभरात दोघांनी तो कागद अखेरच्या शब्दापर्यंत उतरवला, अर्थ लिहिला आणि ठसठशीत सह्या केल्या. बाहेर पडताना मात्र दोघांचे चेहरे उतरले होते.

कस्तुराबाई पेन परत द्यायला थांबली.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?" सरांनी विचारलं.

"व्हय. सोनाजी म्हंजी माझ्या सासऱ्याचा आजा. सासरे मरताना बी सांगून गेले. पन कागद त्यांच्या पेटीत आन् चाव्या त्यांच्याच कमरंला. मी बोलले आसते तर म्हनले आसते, बाई लबाड हाय. त्यायच्याच हातानं निगाया पायजे हुतं."

"म्हणून तुम्ही प्रवेश घेतला?"

"त्या शनवारी पेटीचं काय झालं ते बघाया मी आले हुते, तवा कडूबा खाली टपरीवर म्हनत हुता, येक मानूस कमी पडतंय, वर्ग मोडनार. वर्ग मोडला आसता तर पेटी तशीच घरी गेली आसती."

ती गेली आणि तासाभराने काकासाहेब आणि नानासाहेब आले. एकाच जीपमधून, आणि जिना शेजारी शेजारी चढून. कडूबाने या खेपेला दोघांना एका दमात मामा म्हणून घेतलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

"सर," काकासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आमाला नापास करा."

"काय?"

"दोघांना बी," नानासाहेब म्हणाले. "आमाला मोडी येत नाय, असं विद्यापीठानं लिहून द्यावं. मंग आमी वाचलं त्याला काय किंमत ऱ्हातीय?"

"फुकट नाय म्हनत आमी," काकासाहेब पुढे सरकले. "फुडल्या वर्सी तुमाला प्रवेश लागनार ना? दोन्ही घरं मिळून वीस मानसं देतो. दर वर्सी वीस. तुमचा वर्ग जल्मात बंद पडनार नाय."

वीस! दहाचा आकडा गाठायला आपण कसे धावलो होतो ते सरांना आठवलं. दर वर्षी वीस म्हणजे खोली राहिली, मोडी राहिली, चितेगाव टळलं. आणि करायचं काय, तर पंचाण्णवच्या जागी तीस लिहायचं.

"सर," कडूबा कानाशी लागला, "मी तीन वर्सं नापास झालो, कुनाचं काय वाकडं झालं?"

"तुझे पेपर कोरे होते, कडूबा," सर म्हणाले. "यांचे भरलेले आहेत." मग दोघा भावांकडे वळून त्यांनी हात जोडले. "अकरा वर्षांत इतका शुद्ध वाचलेला कागद माझ्याकडे आला नाही. मला तुम्हाला नापास करता येणार नाही. जमणारच नाही माझ्याच्यानं."

दोघं उठून गेले. त्या रात्री सरांनी बायकोला सांगितलं की मेहुण्याला फोन करून ठेव.

आठवड्याने निकाल फलकावर लागला. दोघं भाऊ पुन्हा एकत्र आले. गावात एव्हाना बोभाटा झाला होता आणि निकाल रद्द करता येतो का, हे विचारायला ते आले होते. सरांनी त्यांना फलकाकडे नेलं. काकासाहेबांना पंचाण्णव गुण होते, नानासाहेबांना चौऱ्याण्णव.

नानासाहेबांनी फलक दोनदा वाचला. "ह्याला येक जास्ती काहून?"

"तुमच्या बाराव्या ओळीत एक खाडाखोड होती. तिचा एक गुण कापला."

"त्या खाडाखोडीनं वाचायचं चुकलं का?"

"नाही. वाचन दोघांचंही सारखंच."

काकासाहेब मिशीवरून हात फिरवत होते. एवढं फिरवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण नानासाहेबांना तेवढं पुरलं.

"फेरतपासनीचा अर्ज कुठं मिळतो?" ते म्हणाले.

"आरं नाना, आपुन आलोय कशापायी..."

"तू गप. तुला पंचान्नव हायेत."

कडूबाने अर्ज आणून दिला. त्यात ‘कारण’ असा एक रकाना होता. नानासाहेबांनी तिथे सुरेख अक्षरात लिहिलं, ‘मी सदर कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तंतोतंत बरोबर वाचला आहे. माझ्या वाचनात एकही चूक नाही, हे मी शपथेवर सांगतो. खाडाखोड पेन खराब असल्याने झाली.’ खाली पूर्ण नाव, गाव आणि सही. ते बघून काकासाहेबांनीही एक अर्ज मागून घेतला आणि लिहिलं, ‘माझेही वाचन तंतोतंत बरोबर असून माझा एक गुण जास्त आहे तो कायम ठेवावा.’ त्यांनीही सही केली. दोन्ही अर्जांवर आवक विभागाचा शिक्का बसला. आणि पुन्हा न बोलता, दोन वेगळ्या जीप शोधायला दोघं दोन दिशांना गेले.

सर ते दोन अर्ज हातात घेऊन उभे होते, तेव्हा मागून आवाज आला.

"सर, ह्या दोन्हीची येकेक झेरॉक्स मिळंल का?"

कस्तुराबाई होती. सर हसले. आठवडाभरात पहिल्यांदाच हसले. कडूबा धावत जाऊन झेरॉक्स काढून आला. तिने त्या घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवल्या, पण ती गेली नाही.

"आन् फुडल्या वर्गाचे फारम बी द्या. दहा."

"दहा?" सरांनी विचारलं. "दहा कशाला, बाई?"

कस्तुराबाईने मागे पाहिलं. व्हरांड्याच्या एका टोकाला पाच माणसं उभी होती, दुसऱ्या टोकाला पाच, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"पाच माझ्याकडले, पाच दिराकडले," ती म्हणाली. "‘लेकरांचे लेकरी’ म्हंजी थोरल्याची का धाकट्याची, ते आमचं आमाला सोता वाचायचंय."